परत आले : शून्य

“तिला पुन्हा काय विचारायचंय? एकदा विचारलंस ना?”

“विचारलं.”

“मग काय म्हणाली?”

“काही बोलली नाही.”

“झालं तर मग! कळवून टाक त्यांना, येत नाही म्हणून. ती घेते जुळवून.”

हे बोलणं यशोधराच्या कानांसाठी नव्हतं. ती गच्चीच्या जिन्यात, वरून तिसऱ्या पायरीवर उभी होती. हातात ताट, ताटात कोकम सरबताची चार भांडी. भांडी इतकी काठोकाठ, की मागं वळायचं म्हटलं असतं तरी आवाज झाला असता. म्हणून ती थांबली आणि ऐकत राहिली. निदान स्वतःला तिनं कारण तरी हेच दिलं.

वर गच्चीत सासूबाई आमसुलं उलटत होत्या. मे महिना सरत आला होता, आणि हर्णैच्या त्या घरात सगळ्यांची बोटं जांभळी झाली होती. उन्मेष, म्हणजे तिचा नवरा, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आपल्या रेडिओसमोर बसून आईला उत्तरं देत होता. बँकेत कारकुनी करणारा हा माणूस फावल्या वेळात हॅम व्हायचा. म्हणजे सरकारी परवाना घेऊन, घरच्या रेडिओवरून, कधी न पाहिलेल्या माणसांशी गप्पा मारायचा.

लग्नाला तीन महिने झाले होते.

रत्नागिरीच्या एका कोळंबी बीजकेंद्रात यशोधराला वर्षभराची नेमणूक आली होती. ती मत्स्यशास्त्र शिकलेली. पाच दिवस तिकडं राहायचं, दोन दिवस घरी. उद्या, सोमवारी हजर व्हायचं आणि येणार की नाही ते आज सहापर्यंत कळवायचं. निरोप उन्मेषच्या फोनवर आला होता. तिच्या माहेरच्या सिम कार्डाला इथं रेंज नव्हती, त्यामुळं अर्जावर नंबर त्याचा.

उन्मेषनं विचारलं होतं, हे खरं. काल जेवताना. “बघ बाई, तुला काय वाटतं. आई म्हणते, इतक्यात कशाला... मलाही तसंच वाटतंय म्हणा.”

हा प्रश्न होता की उत्तर, ते तिला कळेना. तिनं सुरमईचा काटा काढला, पानाच्या कडेला ठेवला.

आता कळलं, की तो काटा होकार म्हणून जमा झाला होता.

माहेरी तिची ख्यातीच होती. यशोधरा उलट बोलत नाही. सासरी येताना दागिन्यांबरोबर तिनं तीही आणली होती आणि दागिन्यांपेक्षा जपली होती. मनातल्या मनात तिला वाटायचं, बोलतात ते कच्चे. गप्प राहतात ते पक्के.

खाली फाटक वाजलं.

“आले, आले!” उन्मेष ओरडला. “चाचा आले!”

*

इब्राहिम परकार यांना हर्णैत कुणी इब्राहिम म्हणत नसे; सगळ्यांचे ते चाचा. बावीस वर्षं ते मालवाहू जहाजांवर रेडिओ सांभाळायला होते. पुढं जहाजांना त्या कामासाठी माणूस लागेनासा झाला, तेव्हा ते घरी आले, आणि आंब्याच्या कलमांखाली बसून येईल त्याला मोर्सची टिकटिक शिकवू लागले. उन्मेष त्यांचा अकरावा शिष्य. त्याच्या मते, सर्वांत हुशार.

चाचा जिना चढून वर आले. एका पायरीवर थांबले, यशोधराच्या हातातलं ताट पाहिलं, तिचं तोंड पाहिलं.

“बाय, तू कधीची उभी आहेस इथं?”

“आत्ताच आले, चाचा.”

“हां...” चाचा म्हणाले. एक भांडं उचललं. “कोमट झालं सरबत.”

आणि पुढं गेले.

*

खोलीत टेबलावर रेडिओ, रेडिओशेजारी सुईचं मीटर आणि मीटरशेजारी, फडकं घालून झाकलेलं काहीतरी. उन्मेषनं फडकं असं ओढलं, जसा काही पुतळ्याचं अनावरण करतोय.

स्टीलचा डबा होता. त्याला समोर दोन काळ्या मुठी.

डबा यशोधराच्या रुखवतातला. आईनं त्यात बेसनाचे लाडू भरून दिले होते आणि भांडीवाल्याकडून त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेतलं होतं. गेल्या बुधवारी उन्मेषनं त्याला भोकं पाडली. ड्रिल नेमकं नावावर आलं आणि ‘यशोधरा’तला ‘यशो’ भोकात गेला. उरलं नुसतं ‘धरा’. ते तिनं त्याच दिवशी पाहिलं होतं. लाडू पिशवीत काढून ठेवले होते.

“ट्यूनर,” उन्मेष म्हणाला. “घरी केलेला. एकही भाग विकतचा नाही. म्हणजे, नवा विकतचा नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंमधले हे दोन गँग, म्हणजे फिरते कंडेन्सर, आणि पाण्याच्या पाइपवर गुंडाळलेली ही कॉईल. चौदा वेढे. मोजा.”

चाचांनी झाकण उघडून पाहिलं. “हात चांगला आहे तुझा. वेढे सुबक आलेत.”

दारातून सासूबाई डोकावल्या. “परकारभाई, मला एकदा नीट सांगा. तीन दिवस मी विचारत्ये, हा म्हणतो तुला नाही कळायचं. हे करतं काय?”

“तू सांग,” चाचा उन्मेषला म्हणाले.

“हे बघ आई. रेडिओला समोर एका ठरावीक तऱ्हेची तार लागते. आपली तार कशी? टाकीपासून माडापर्यंत, जेवढी जागा तेवढी. दोघांचं पटत नाही. पटलं नाही की रेडिओनं पाठवलेलं तारेवरून परत येतं, आणि रेडिओ तापतो. मग हा डबा मधे बसतो आणि दोघांचं जुळवतो.”

“म्हणजे मध्यस्थ!” सासूबाई म्हणाल्या. “तुमच्या लग्नात बापूकाका होते तसा.”

“तसाच, वहिनी,” चाचा म्हणाले. “मध्यस्थ चांगलाच. फक्त तो मधल्यामधे खातो किती, तेवढं बघायचं.”

सासूबाई खळखळून हसल्या. बापूकाकांचं खाणं घरात प्रसिद्ध होतं.

उन्मेष हसला नाही. त्याला मीटर दाखवायचं होतं. मीटरवर एक खटका होता आणि खटक्याच्या दोन्ही अंगांना त्यानं चिठ्ठ्या डकवल्या होत्या. एकीकडं ‘गेले’. दुसरीकडं ‘परत आले’.

त्यानं मोर्सची कळ दाबली. खटका ‘गेले’वर. सुई उजवीकडं झेपावली.

खटका ‘परत आले’वर. सुई जागची हलली नाही.

“शून्य!” उन्मेष म्हणाला. “चाचा, तुमच्या स्वतःच्या ट्यूनरला तरी शून्य येतं का?”

“नाही येत.”

“थोडं राहतंच ना?”

“राहतं.”

उन्मेष खुर्चीत मागं रेलला. यशोधरा भिंतीला टेकून उभी होती, तिला त्याचं समाधान पाठीमागूनही दिसलं. कान हलले त्याचे.

“कुणाकुणाशी बोलणं झालं?” चाचांनी विचारलं.

“अं... अजून कुणाशी नाही. तीन दिवस हाका घालतोय. हवाच खराब आहे. सूर्यावर वादळं आहेत सध्या, म्हणून...”

“सूर्य बिचारा लांब आहे,” चाचा म्हणाले, “त्याला नावं ठेवायची सोय आहे.”

त्यांनी मीटरकडं बोट केलं. “परत किती आलं म्हणालास?”

“काहीच नाही.”

“मग गेलं कुठं?”

“बाहेर. तारेवरून वर.”

“कुणी सांगितलं?”

“मीटर सांगतंय की!”

“मीटर काय सांगतंय?”

“की... परत काही आलं नाही.”

“हां,” चाचा म्हणाले. “एवढंच सांगतंय ते.”

*

मग चाचा उठले. डब्याच्या मागं गेले. तिथं एका स्क्रूवर नटाखाली बाहेरची तार आवळली होती. चाचांनी नट सैल केला, तार सोडवली आणि खिडकीतून बाहेर टाकून दिली. तार पत्र्यावर खणखणली.

“दाब,” ते म्हणाले.

“चाचा! बाहेर तार नसताना? रेडिओ जळेल माझा!”

“जळायचा असता तर गुरुवारीच जळला असता. दाब.”

उन्मेषनं घाबरत कळ दाबली.

गेले. सुई झेपावली.

परत आले...

शून्य.

बाहेर सासूबाई आमसुलांवरच्या माश्या वारत होत्या, त्याचा तेवढा आवाज. तार खिडकीबाहेर लोंबत होती, आणि मीटर सांगत होतं, सगळं उत्तम आहे, अगदी उत्तम, कुणाची काही तक्रार नाही.

उन्मेषनं कळ सोडली. पुन्हा दाबली. पुन्हा सोडली.

“पण मग... जात होतं कुठं एवढं सगळं?”

चाचांनी त्याचा हात धरला आणि डब्यावर ठेवला.

उन्मेषनं हात झटकन मागं घेतला.

“डब्यातच,” चाचा म्हणाले. “तुझ्या चौदा वेढ्यांत. तीन दिवस तू कॉईल शेकतोयस.” मग मान न वळवता त्यांनी विचारलं, “डबा तापतोय, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही?”

खोटं बोलायचं तर सोपं होतं. गप्प राहायचं तर त्याहून सोपं.

“माझ्या आलं होतं,” यशोधरा म्हणाली.

उन्मेष वळला. “कधी?”

“गुरुवारी. टेबल पुसताना.”

“गुरुवारी! अगं, मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं...” तिनं आठवून पाहिलं, काय वाटलं होतं. “मला वाटलं, चाललंय म्हणजे तापायचंच.”

“तीन दिवस मी इथं घसा फोडून हाका घालतोय!”

“ऐकत होते मी.”

“तू एकटीच ऐकत होतीस!” उन्मेष म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोसला असता. आवाज फसवल्या गेलेल्या माणसाचा होता.

तिला ते लागलं. त्याचं कौतुक मोडू नये, म्हणून ती गप्प राहिली होती. तो दर वेळी शून्य दाखवायचा, ती दर वेळी छान म्हणायची. त्यात तिला स्वतःचा मोठेपणा दिसला होता. आता त्या मोठेपणाकडं पाहिलं, तर एक मनुष्य तीन दिवस भिंतीशी बोलताना दिसत होता, आणि बाजूला ती, हातात टेबल पुसायचं फडकं घेऊन, समजूतदार.

“तिला कशाला बोलतोस?” सासूबाई बाहेरून म्हणाल्या. “तिची नाही सवय पुढंपुढं करायची. शेजारणीला मी रोज सांगत्ये, तीन महिन्यांत एक शब्द उलट नाही आला हो!”

चाचांनी मीटरकडं पाहिलं. मग यशोधराकडं. मग पुन्हा मीटरकडं.

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

*

“ती तार आत ओढ, बाय,” चाचा म्हणाले.

तिनं खिडकीतून तार आत घेतली.

“कुठली आणलीस ही?” हे उन्मेषला.

“मोटार वाइंडिंगवाल्याकडून. नवी कोरी. तांब्याची आहे चांगली, बघा ना कशी चमकत्ये.”

“कॉईलची टोकं खरवडली होतीस?”

“तर! तिच्यावर रोगण असतं, माहित्ये मला. पण तिचं रोगण तपकिरी. ही तर उघडी तार...”

उन्मेष बोलता बोलता थांबला. बोटानं त्यानं तार चाचपली.

“असं कसं...”

“बिनरंगाचं पण असतं रोगण,” चाचा म्हणाले. “तार स्क्रूला लागलीच नव्हती. नटाखाली नुसती बसली होती.”

उन्मेष डोकं धरून बसला. अकरा शिष्यांतला सर्वांत हुशार. पुस्तकातली सगळी गणितं त्यानं केली होती. तांब्याला तांबं लागलंय की नाही, एवढंच बघायचं राहिलं होतं.

चाचा बाहेर गेले आणि सासूबाईंची रातांबे, म्हणजे ओली कोकमं, फोडायची सुरी घेऊन आले.

“परकारभाई, धार जाईल तिची!”

“लावून देतो, वहिनी.”

सुरी त्यांनी उन्मेषला दिली नाही. यशोधराला दिली.

“खरवड.”

तिनं तारेचं टोक टेबलाच्या कडेवर ठेवलं आणि पातं ओढलं. पारदर्शक, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असं काहीतरी भुरभुरलं.

“किती खरवडू?”

“तांबं लागेपर्यंत.”

“हे दिसतंय ते?”

“ते वरचं.”

ती खरवडत राहिली. एका अंगानं, मग तार वळवून दुसऱ्या अंगानं. चमक गेली. तार मळकट दिसायला लागली. तिला वाटलं, बिघडवलीच आपण. आणखी दोनदा पातं ओढल्यावर खालून वेगळाच रंग निघाला, गुलाबी, सोललेल्या कातडीसारखा.

“हां,” चाचा म्हणाले. “आता लाव.”

तिनं तार नटाखाली घातली आणि नट आवळला. उन्मेषनं कळ दाबली.

परत आले...

सुई अशी उसळली, की अर्धी तबकडी ओलांडून गेली.

“गेलं!” उन्मेष ओरडला. “सगळं बिघडलं! सगळंच्या सगळं परत येतंय!”

चाचा पहिल्यांदा हसले. वरचे दोन दात नव्हते त्यांना.

“आता लागली तार,” ते म्हणाले.

*

मग जुळवणी सुरू झाली.

चाचांनी मीटरकडं पाठ केली, डोळे मिटले आणि डब्यावर हात ठेवून उभे राहिले. उन्मेष मुठी फिरवत होता. एक उजवीकडं, दुसरी किंचित डावीकडं, मग आत कॉईलवरचा चिमटा एक वेढा मागं. सुई खाली यायची, पुन्हा उसळायची. एकदा चाचांनी हात उचलला नि म्हणाले, “इथं नको, इथं हा खायला लागला.” एकदा म्हणाले, “हां, हळू... हळू... आता थंड आहे.”

अर्धा तास गेला. यशोधरानं चारी भांडी रिकामी झालेली पाहिली. स्वतःचं कधी प्यायली, ते तिला आठवेना.

“थांब,” चाचा म्हणाले.

“अजून थोडं परत येतंय, चाचा. बघा, सुई दोनवर आहे. अजून जरा फिरवलं तर...”

“तर पुन्हा शून्य येईल.” चाचांनी डोळे उघडले. “पाहिजे तुला?”

उन्मेषचा हात मुठीवर तसाच राहिला. मग त्यानं तो काढून घेतला.

साडेपाच वाजून गेले होते. रविवारी पाचला किनाऱ्यावरचे सगळे हॅम रेडिओवर जमायचे, त्याला ते हजेरी म्हणत. उन्मेषनं माईक उचलला, आपली ओळख सांगितली, हर्णै म्हणाला आणि बटण सोडलं.

खरखर. नुसती खरखर.

मग त्या खरखरीतून, लांबून, नळाच्या आतून यावा तसा एक आवाज आला.

“हर्णै? अरे बाबा, मालवणातून बोलतोय. स्वच्छ येतोयस. तीन दिवस होतास कुठं तू?”

उन्मेषनं माईक तोंडाशी धरला. म्हणाला, “इथंच होतो.”

“कोण रे?” सासूबाई जांभळे हात वर धरून धावत आल्या. “माणूस बोलतोय?”

“नाही, आई, कोळंबी बोलत्ये,” उन्मेष म्हणाला. इतका आनंद झाला होता त्याला.

आणि कोळंबीवरून सासूबाईंना आठवलं.

*

“अरे, सहा वाजायला आले. ते रत्नागिरीचं कळवलंस का?”

“राहिलंच.” उन्मेषनं माईक ठेवला, फोन घेतला. अजून तो हसतच होता. “आत्ता लिहितो.”

अंगठा टेकवण्यापूर्वी त्यानं वर पाहिलं. यशोधराकडं. सवयीनं, सहज.

“कळवतो गं मग...?”

तिच्या फार ओळखीची जागा होती ही. इथं ती आजवर शेकडो वेळा येऊन गेली होती. इथं काही करावं लागत नसे. नुसतं थांबायचं, पदराशी किंवा ओढणीशी चाळा करायचा, आणि बाकीचं लोक आपापसांत करून घेत. कुणी रागावत नसे. कुणाला काही लागत नसे. थोड्या वेळानं सगळे म्हणत, पोरगी गुणाची.

सासूबाई पदरानं गळा पुसत होत्या. उन्मेषचा अंगठा काचेवर तरंगत होता.

चाचा दाराशी वाकून चपला शोधत होते. बराच वेळ शोधत होते. चपला त्यांच्या पायातच होत्या.

“थांब,” यशोधरा म्हणाली.

आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. पत्र्यावरचा कावळा उडाला. सासूबाईंचा हात गळ्याशी राहिला. उन्मेषनं फोन खाली घेतला आणि, लग्नानंतर कदाचित पहिल्यांदाच, ती पुढं काय म्हणेल ते ठाऊक नसलेल्या माणसासारखं तिच्याकडं पाहिलं.

“मला जायचंय. उद्याच. तुम्हां दोघांचं काय म्हणणं असेल ते आता मला सांगा... मी ऐकतेय.”